उचकी, उतरलेला हात आणि मंडळाची वर्गणी

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी वहिनी ३४ वर्षांची. दिवाळीनंतर तिला उचक्या लागल्या त्या आठवडाभर थांबेनात, सोबत वांत्या. पित्ताच्या गोळ्या झाल्या, दुर्बीण घालून पोट बघून झालं. पुढच्या महिन्यात दोन दिवसांत पाय गेले आणि लघवी अडली. सोलापूरला एमआरआय झाला, स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, मग प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलला. रक्तात ‘एक्यूपी-४ पॉझिटिव्ह’ आलं. आता ती वॉकर धरून घरात फिरते. आई म्हणते, चालायला लागली, आता गोळ्या पुरे. आणि ती रक्ताची तपासणी बरीच महाग होती. ती खरंच गरजेची होती का? – एक दीर, बार्शी

उत्तर : गोळ्या बंद करू नका. आईंना हे पत्रच वाचून दाखवा.

वहिनींच्या दुखण्याचं नाव न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. डॉक्टर त्याला एनएमओ म्हणतात. आपल्या शरीरात पेशींच्या भिंतीला पाणी ये-जा करण्याच्या बारीक खिडक्या असतात. मेंदूत आणि मज्जारज्जूत यांपैकी अ‍ॅक्वापोरिन-४ नावाची खिडकी भरपूर असते; रिपोर्टातलं ‘एक्यूपी-४’ ते हेच. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती तिलाच शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. डोळ्याची नस, मज्जारज्जू आणि मेंदूच्या देठाजवळचं उलटीचं केंद्र या हल्ल्याच्या आवडत्या जागा. त्या उचक्या तिथल्या होत्या, पोटाचा काही संबंध नव्हता. आपल्याकडे उचकी लागली की कोण आठवण काढतंय म्हणून नावं घ्यायची आणि नावं संपली की पित्ताची गोळी द्यायची. एरवी ते ठीक आहे. पण दोन-तीन दिवस उचकी आणि उलटी थांबतच नसेल आणि पोटात काही सापडत नसेल, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवायला हवं. ही उचकी तेव्हाच ओळखली गेली तर पाय जाण्याआधी उपचार सुरू होऊ शकतात.

आता तपासणीचं. फ्रान्समधल्या लियाँचे डॉ. देविक यांनी १८९४ मध्ये हा आजार वर्णन केला आणि पुढची शंभरहून अधिक वर्षं बहुतेकांनी त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या दुसऱ्या आजाराचा एक प्रकार मानलं. २००४ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या वांडा लेनन आणि सहकाऱ्यांना या रुग्णांच्या रक्तात वेगळं प्रतिपिंड सापडलं. त्यात जपानी रुग्णांचंही रक्त होतं. ते प्रतिपिंड नेमकं कशावर हल्ला करतं, हे पुढच्या वर्षी कळलं. हा फरक कागदावरचा नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसला जी औषधं चालतात, त्यातली इंटरफेरॉन आणि फिंगोलिमोड यांसारखी औषधं एनएमओ वाढवू शकतात. तपासणी केली नसती तर वहिनींना चुकीचं औषध लागण्याची शक्यता होती. पैसे सार्थकी लागले.

हा आजार झटक्यांनी येतो आणि प्रत्येक झटका काही ना काही घेऊन जातो. मधल्या काळात तो सहसा हळूहळू वाढत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं की गेला. माझ्या विभागात व्हीलचेअरवर आलेल्या एनएमओच्या बायकांपैकी बऱ्याच जणी पहिल्या झटक्यातून चालत घरी गेलेल्या होत्या. औषध सुटलं आणि दुसरा झटका आला. अ‍ॅझाथायोप्रिन असो, मायकोफेनोलेट असो की सहा महिन्यांनी घ्यायचं रिटुक्सिमॅब, जे चालू असेल ते डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवा. ताप आला तर अंगावर काढू नका. आणि घरात पाळणा हलावा असं कुणाच्या मनात असेल तर ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण मायकोफेनोलेट गरोदरपणात चालत नाही.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगला. वर्षभरात उजवा हात बारीक झाला. थंडीत शर्टाची बटणं लागत नाहीत, एरवी लागतात. दुखत नाही, मुंग्या नाहीत. एकांनी एमआरआय नॉर्मल म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी मोटर न्यूरॉनचं (स्नायू हलवणाऱ्या नसपेशी मरत जाण्याच्या, वाढत जाणाऱ्या आजाराचं) नाव काढलं. तेव्हापासून आमच्या घरात कुणी धड जेवलेलं नाही. – एक आई, जालना

उत्तर : आधी जेवा. मग मुलाला दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला सांगा आणि नीट बघा. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूचा स्नायू भरलेला आणि करंगळीच्या बाजूने हात उतरलेला, अशी तिरपी रेघ दिसते का? दिसत असेल तर न्यूरोलॉजिस्टना स्वतःहून विचारा : हा हिरायामाचा आजार असू शकतो का?

जपानच्या केइझो हिरायामा यांनी १९५९ मध्ये तो वर्णन केला. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेतून डॉ. गौरी-देवी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशाच एका हाता-पायाच्या रोडावण्यावर लिहिलं. बहुतेक रुग्ण पंधरा ते पंचवीस वयाचे मुलगेच असतात. मान पुढे वाकवली की मज्जारज्जूभोवतीचं आवरण पुढे सरकतं आणि मानेतला रज्जू दाबला जातो. हे वर्षानुवर्षं होत राहिलं की हाताकडे जाणाऱ्या पेशी मरतात.

गोची अशी की एमआरआय काढताना माणूस सरळ झोपतो, आणि सरळ मानेत हे पटकन दिसत नाही. मान वाकवून एमआरआय काढायला लागतो. तसं चिठ्ठीवर लिहून आणा. सेंटरवाले ‘एकदा झालाय ना’ म्हणतील, तरी आग्रह धरा. निदान झालं तर मानेला कॉलर लागते, काहींना शस्त्रक्रिया लागते आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन्‌तास वाकणं बंद करावं लागतं. गेलेला स्नायू सहसा पूर्ण भरत नाही, पण हा आजार काही वर्षांत आपणहून थबकतो. मोटर न्यूरॉनच्या आजाराशी त्याची गल्लत करणं म्हणजे घरावर उगाच नांगर फिरवणं. मी हात बघितलेला नाही, त्यामुळे निदान करत नाही. विचारायचा प्रश्न तेवढा देते.

प्रश्न : मिस्टरांना तीन वर्षांपूर्वी ट्रान्सव्हर्स मायलायटिस (मज्जारज्जूला सूज) झाला, कमरेखाली ताकद नाही. एक गृहस्थ घरी येऊन स्टेम सेलच्या (नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) इंजेक्शनांचं पॅकेज सांगून गेले. ‘संशोधनात सहभाग’ असं म्हणतात. गावाकडची जमीन विकायचा विचार आहे. – डोंबिवली

उत्तर : जमीन विकू नका.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हा उपचार नाही, तो फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतो. आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून त्या औषधाचे पैसे घेत नाहीत. त्या गृहस्थांना सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक विचारा. आपल्या देशातल्या औषधांच्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे आणि कुणालाही ती इंटरनेटवर फुकट बघता येते. क्रमांक मिळाला तर नैतिक समितीचा कागद मागा. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणाले तर चहा पाजून दार लावा.

त्या पैशाच्या कणभर भागात बऱ्याच गोष्टी होतात : चांगली गादी, दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस, ठरलेल्या वेळी स्वच्छ नळी घालून लघवी काढायचं शिक्षण, दाराशी उतार. अशा माणसाची तब्येत पायांपेक्षा मूत्रपिंड आणि पाठीवरच्या जखमा बिघडवतात. मिस्टरांचं दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलंत का? नसेल तर या आठवड्यात अर्ज करा.

प्रश्न : आमच्या मंडळातल्या एका कार्यकर्त्याच्या बहिणीला हाच ट्रान्सव्हर्स मायलायटिस झाला, तेव्हा त्याचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं. यंदा गणपतीत डॉल्बी लावायचा नाही, ते पैसे या आजाराच्या संशोधनाला द्यायचे आणि एक मोठा फलक लावायचा असं ठरलंय. पैसे कुठे द्यावेत? फलकावर काय लिहावं? – कराड

उत्तर : डॉल्बी नाही म्हटल्यावर अर्ध्या कराडचा दुवा तुम्हाला आधीच लागला.

पैशाआधी एक गोष्ट. परदेशातले आकडे सांगतात की दहा लाख लोकांत वर्षाला या आजाराचे एक ते आठ नवे रुग्ण निघतात. म्हणजे तुमच्या तालुक्यात चार-पाच निघाले तर डोक्यावरून पाणी. कुठल्याही एका डॉक्टरकडे अभ्यासापुरते रुग्ण जमत नाहीत. म्हणून या आजारांत रुग्णाची नीट ठेवलेली फाइल हीच मोठी देणगी असते. आणि आपल्या फाइली कशा असतात, ते मी बघितलंय. एमआरआयच्या फिल्म पावसाळ्यात ट्रंकेत एकमेकींना चिकटलेल्या, रिपोर्टचं पहिलं पान गायब, आणि ‘पाय कधी गेले?’ विचारलं तर ‘पोळ्याच्या आसपास’. त्या ताईंच्या एमआरआयची सीडी सेंटरमधून मागून घ्या. एका वहीत लिहून काढा : आधी ताप किंवा जुलाब होते का, पहिली मुंगी कुठल्या दिवशी, किती वाजता आली, चालणं पूर्ण बंद व्हायला किती तास लागले, पहिलं स्टेरॉइड कधी मिळालं. मग त्यांच्या न्यूरोलॉजिस्टना विचारा की ही नोंद कुठल्या रजिस्ट्रीत, म्हणजे रुग्णांच्या एकत्र नोंदवहीत, जाऊ शकते. मंगळूरला डॉ. लेखा पंडित यांनी अशा आजारांच्या रुग्णांची रजिस्ट्री उभी केली आहे आणि एनएमओसारख्या आजारांच्या प्रतिपिंडांची तपासणीही तिथे होते; रज्जूची सूज एनएमओचीही असू शकते. मुंबई-दिल्लीच्या बाहेर हे उभं राहिलं, याचं मला विशेष कौतुक आहे.

घरच्यांनी पेटून उठून काय होतं, त्याची उदाहरणं अमेरिकेत आहेत. पत्नीला ट्रान्सव्हर्स मायलायटिस झाल्यावर सँडी सीगल यांनी इतर कुटुंबांबरोबर १९९४ मध्ये संघटना काढली. आज ती सीगल रेअर न्यूरोइम्यून असोसिएशन म्हणून ओळखली जाते. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातल्या व्हिक्टोरिया जॅक्सन यांच्या मुलीला एनएमओ झाला. त्यांनी आणि पती बिल गथी यांनी २००८ मध्ये गथी-जॅक्सन फाउंडेशन काढून रुग्णांच्या रक्ताचे नमुने संशोधकांसाठी साठवायला सुरुवात केली. एनएमओसाठी अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं औषध २०१९ मध्ये आलं. त्यांच्याकडे पैसा होता, हे खरंच. पण रक्त आणि नोंदी द्यायला रुग्ण पुढे आले नसते तर नुसत्या पैशाने काही झालं नसतं.

तुमची रक्कम संस्थेच्या खात्यात चेकने द्या, कुणा डॉक्टरच्या हातात नाही. आधी लेखी विचारा की कुठल्या अभ्यासासाठी वापरणार, आणि ८०जी (आयकर सवलतीची) पावती घ्या. रक्कम लहान असेल तर माझं मत असं : संशोधनाचा हट्ट सोडा आणि जवळच्या न्यूरोलॉजी विभागाला सांगा की ज्या गरीब रुग्णाची प्रतिपिंडांची तपासणी पैशावाचून अडेल, तिचं बिल मंडळ भरेल. तपासणी पेशींवर प्रतिपिंड चिकटतं का ते बघणाऱ्या ‘सेल-बेस्ड अ‍ॅसे’ पद्धतीची असावी आणि रक्त शक्यतो प्लाझ्मा बदलण्याआधी काढावं. त्यातून रुग्णाला नेमकं औषध मिळतं आणि अभ्यासाला एक पक्की नोंदही.

फलकावर आजाराचं अवघड नाव मोठ्या अक्षरांत नको, कुणी वाचणार नाही. लक्षणं लिहा. काही तासांत किंवा दिवसांत दोन्ही पाय जड किंवा बधिर होणं. पोटाला-छातीला पट्टा आवळल्यासारखं वाटणं. लघवी अडणं. एका डोळ्याला दुखून अंधारी येणं. न थांबणारी उचकी. आणि खाली : मालीश, मणके बसवणं, वाट बघणं नको, त्याच दिवशी एमआरआय असलेल्या रुग्णालयात जा. दाबलेला मणका असो, मणक्याचा टीबी असो की रज्जूची सूज, पहिली धाव तिथेच.

मजकूर छापण्याआधी न्यूरोलॉजिस्टना दाखवा. फोन नंबर रुग्णालयाचा टाका, आणि अध्यक्षांचा फोटो यंदा जरा लहान घ्या.