मराठी रंगभूमीच्या इतिहासात संशोधन करण्यासारखं काय उरलं आहे?

तुम्ही विचारलं आहे की जुनी मराठी नाटकं छापील मिळतात, रंगभूमीचे इतिहासही लिहून झाले आहेत, मग या विषयात पीएच.डी. करायची तर नवं काय हाती लागणार?

पुष्कळ लागेल. आपल्याकडे रंगभूमीचा इतिहास म्हणून जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं खरं तर नाट्यवाङ्मयाचा इतिहास आहे. कोणी कोणतं नाटक कधी लिहिलं ते त्यात कळतं. पण प्रयोगाला कोण आलं होतं, तिकीट किती होतं, लोक कशावर भडकले आणि कशावर खूश झाले, हे फारसं कळत नाही. मी या विषयात काम करतो आणि मला सगळ्यात जास्त ओढ याच प्रश्नांची आहे.

'कीचकवध'च घ्या. खाडिलकरांचं हे नाटक 1907 साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं आणि 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण संहिता उघडून पाहा, कर्झनचं नाव त्यात कुठेही नाही. म्हणजे तो अर्थ पुरा झाला तो नाट्यगृहात, प्रेक्षकांच्या मनात. मग प्रेक्षकांचा पुरावा कुठे शोधायचा?

तो मिळतो नाटकाच्या विरोधकांकडे. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलच्या 1910 च्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकामध्ये एका इंग्रजी वृत्तपत्रातलं प्रयोगाचं वर्णन उद्धृत केलेलं आहे. (हाच तो चिरोल, ज्याच्यावर टिळकांनी पुढे लंडनला बदनामीचा खटला भरला आणि जो ते हरले.) कीचकाचे चाळे पाहताना पुरुषांचे ताठरलेले, संतप्त चेहरे, द्रौपदीच्या विनवण्या ऐकताना ब्राह्मण स्त्रियांचे चमकणारे डोळे, युधिष्ठिराच्या मवाळपणाचा आलेला तिटकारा, आणि कीचक मारला गेल्यावर सभागृहभर उमटलेला समाधानाचा हुंकार. लिहिणाऱ्याला हे नाटक घातक आहे असं दाखवायचं होतं, तेव्हा त्याने रंग गडद केला असणार, हे धरून चाला. तरीही त्यात एक गोष्ट अशी आहे, जी त्याला सिद्ध करायची नव्हती आणि म्हणूनच मला ती जास्त विश्वासार्ह वाटते: बायका नाटकाला येत होत्या, आणि राजकीय नाटकाला येत होत्या. त्या कोणाबरोबर यायच्या? कुठे बसायच्या? त्यांच्यासाठी वेगळे दर होते का? एवढ्या एका धाग्यावर अख्खा प्रबंध उभा राहू शकतो.

याच्या पडताळणीसाठी दोन ठिकाणी जायलाच हवं. एक म्हणजे मराठी वृत्तपत्रांच्या फायली, त्यातही जाहिराती आणि वाचकांची पत्रं. दुसरं म्हणजे मुंबईचं राज्य पुराभिलेखागार. 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्यानंतर सरकार नाटकांवर नजर ठेवू लागलं, आणि देशी वृत्तपत्रांत काय छापून येतं याचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला तयार होत होते. मूळ अंक नाहीसे झाले असले तरी त्यातल्या मजकुराचा माग कधी कधी तिथे लागतो.

आता अगदी सुरुवातीकडे या. सांगलीला 1843 साली झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ची आजच्या अर्थाने संहिताच नव्हती. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते गद्य बोलायची. भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' निघाला 1885 साली, म्हणजे 42 वर्षांनी. त्या पहिल्या प्रयोगाबद्दल आपण जे सांगतो, त्याचा मोठा भाग भाव्यांच्या स्वतःच्या, उतारवयात सांगितलेल्या आठवणींवर उभा आहे. त्यांच्यावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही, पण आठवणीला दस्तऐवज समजू नका. मला तर 1843 पेक्षा 1853 हे साल जास्त महत्त्वाचं वाटतं. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन 1851 मध्ये वारले, राजाश्रय गेला, आणि भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले. 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले, आणि त्याच वर्षी त्याच रंगमंचावर पारशी नाटक मंडळीही उभी राहिली. या दोघांनी एकमेकांकडून काय घेतलं, हा प्रश्न मराठीत अजून नीट हाताळला गेलेला नाही, कारण त्यासाठी गुजराती वाचता यायला हवं.

उलट टोकाचं उदाहरण फुल्यांचं. त्यांचं 'तृतीय रत्न' हे नाटक 1855 सालचं. ग्रंथांना सरकारी बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं आणि ते छापून यायला 1979 उजाडलं. छापील पुस्तकं आणि गाजलेले प्रयोग यांच्यावरच इतिहास बेतला की काय निसटतं, ते इथे दिसतं. नाकारलेल्या हस्तलिखितांचा शोध हाही एक स्वतंत्र विषय आहे.

तेव्हा 'मराठी नाटक : उगम आणि विकास' असला विषय घेऊ नका. एक गाव घ्या, दहा-पंधरा वर्षं घ्या. मोडी शिका, आणि मुंबईवर काम करणार असाल तर गुजरातीही. आणि मार्गदर्शक ठरवण्याआधी एखाद्या ग्रंथालयात बसून एका वर्षाच्या वृत्तपत्रातल्या नाटकांच्या सगळ्या जाहिराती उतरवून काढा: तारीख, नाट्यगृह, दर, वेळ, स्त्रियांच्या बैठकीची सूचना असली तर तीही. त्यातून तुमचा प्रश्न आपसूक तयार होईल. झाला की इथे लिहा, मला वाचायला आवडेल.