कोगनोळीच्या नाक्यापलीकडचं सर्टिफिकेट

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी निपाणीचा, वय २६. चार वर्षं टॅटू काढायचं काम केलं. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका अकॅडमीत ८५ हजार भरून ४५ दिवसांचा टॅटू रिमूव्हलचा डिप्लोमा केला. सध्या कोल्हापुरात एका लेझर सेंटरवर आहे. मालक आता बेळगावात आणि म्हापशात शाखा काढतायत आणि दोन्हीकडचं काम मीच बघावं म्हणतायत. माझं सर्टिफिकेट महाराष्ट्रातलं. ते कर्नाटकात आणि गोव्यात चालेल का? वेगळी परीक्षा द्यावी लागेल का? मालक म्हणतात, 'ऑल इंडिया व्हॅलिड' आहे. पुढं दुबईचाही विचार आहे. – एक वाचक, निपाणी

उत्तर : अरेतुरे करते, राग मानू नकोस. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

पत्राबरोबर सर्टिफिकेटची झेरॉक्स पाठवलीस ते फार बरं केलंस. सोनेरी कड, मधोमध होलोग्राम, 'इंटरनॅशनल' हा शब्द तीनदा आणि खाली तीन सह्या. त्या तिन्ही सह्यांखाली नोंदणी क्रमांक शोधला, एकाही ठिकाणी नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. हा कागद महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळीच्या टोलनाक्यावर अडणार नाही, कारण तो कागलच्या अलीकडं, म्हणजे महाराष्ट्रातही, कधी चाललेला नाही. तू ४५ दिवस वर्गात होतास, एवढंच तो सांगतो. माणसाच्या कातडीवर लेझर चालवायचा परवाना तो नव्हे. पुण्यात नव्हता, बेळगावातही नसेल.

सौंदर्य क्षेत्रातले सरकारी कौशल्य अभ्यासक्रम आहेत, त्यांना देशभर मान्यताही आहे. पण फेशियल, वॅक्सिंग, केस यांच्यासाठी असलेली मान्यता वेगळी आणि त्वचेच्या आतल्या थरातली शाई फोडायची जबाबदारी वेगळी. आमच्या त्वचातज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची भूमिका पहिल्यापासून हीच आहे की लेझरचे उपचार प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनं करावेत. कारण सरळ आहे. तू भूल देणारं मलम लावतोस, जखम करतोस, नंतर अँटिबायोटिक क्रीम सांगतोस. यातलं एखादं जरी बिघडलं तरी तपासणारा विचारणार, 'इथं डॉक्टर कोण?' नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्या वेळी मालक 'ऑल इंडिया' कुठं असतील, सांगता येत नाही.

आता गंमत अशी, की राज्याची हद्द खरी आडवी येते ती आम्हा डॉक्टरांनाच. मी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं नोंदलेली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी महिन्यातून दोन शनिवार बेळगावात बसायला लागले. जागा देणारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही बसा ओ, काय होत नाही." बसले. चौथ्या का पाचव्या खेपेला आरोग्य खात्याचा माणूस आला, अगदी सभ्य. त्यानं भिंतीवरचं माझं प्रमाणपत्र वाचलं आणि विचारलं, "कर्नाटकाची नोंदणी?" तोंडात मारल्यासारखं झालं. कर्नाटकात बसायचं तर कर्नाटक वैद्यक परिषदेची नोंदणी लागते. शिवाय खासगी दवाखान्यांसाठी तिथं २००७ चा स्वतंत्र कायदा आहे, जागेची नोंदणी त्याखाली करावी लागते. गोव्याचाही दवाखान्यांच्या नोंदणीचा आपला कायदा आहे. पुढचे तीन महिने मी बेळगावला गेले नाही. कागद हातात आल्यावरच गेले. एमडी होऊन वीस वर्षं झालेल्या बाईची ही कथा, तर तुझ्या ४५ दिवसांना कोण विचारतो?

तेव्हा प्रश्न स्वतःला विचारू नकोस, मालकांना विचार. बेळगावच्या शाखेत डॉक्टर कोण? त्यांची नोंदणी कर्नाटकाची आहे का? जागेची नोंदणी कुणाच्या नावावर? म्हापशाचंही तसंच. आणि मुख्य म्हणजे मशीन चालू असताना ते डॉक्टर तिथं असतात का? 'डॉक्टर फोनवर असतात' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघ. फोनवरच्या डॉक्टरला फोड दिसत नाही. शाखेची 'जबाबदारी' तुला देतायत म्हणजे नेमकं काय देतायत, तेही कळतंय का बघ. चावी देतायत, की पोलीस आले तर पुढं करायला नाव?

तुझ्यासारख्या मुलांवर मी चिडत नाही, तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नसतं. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. भरतीच्या आधी महिनाभर माझ्याकडं कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडची पोरं येतात. सैन्यभरतीच्या नियमात टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणं सवलत आहे, बाकीच्यांना इतरत्र नाही. आणि ही पोरं दंडावर, छातीवर नाव लिहून बसलेली असतात. गेल्या वर्षी असाच एक आला. दंडावर मुलीचं नाव, मराठीत, ठसठशीत. भरतीला पंचवीस दिवस. माझ्या आधी एका सेंटरवर जाऊन आला होता. तिथं केस काढायच्या मशीननं टॅटूवर शॉट मारले होते. नाव होतं तसंच होतं, फक्त त्याच्याभोवती दोन बोटं रुंद भाजल्याचा चट्टा आला होता. चार महिन्यांनी तिथं वण उचलून आला, बोटाला दोरीसारखा लागणारा. टॅटू एक वेळ पुसता आला असता. वण कसा पुसणार?

यातलं विज्ञान अकॅडमीत शिकवलं असेल तर उत्तम, नसेल तर इथं वाच. शाईचा कण फुटायला लेझरचा झटका सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजावा लागतो. केस काढायची मशीनं त्याच्या लाखो पट सावकाश चालतात. म्हणून कण फुटत नाही, नुसता तापतो आणि आजूबाजूची कातडी भाजते. लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी शाईच्या रंगावर ठरते. काळ्या आणि गडद निळ्या शाईला १०६४ नॅनोमीटर. लाल शाईला ५३२. पण ५३२ आपल्या सावळ्या कातडीतला रंगही ओढून घेतो, म्हणून आपल्याकडं तो हात राखून वापरायचा आणि आधी लहानशा जागेवर पॅच टेस्ट करायची. हिरवा रंग या दोन्हींना दाद देत नाही. ओठांचा, भुवयांचा 'पर्मनंट मेकअप' असेल तर जास्तच सावध. त्यातल्या पांढऱ्या किंवा कातडीच्या रंगाच्या शाईत टायटॅनियम असलं की शॉट बसताच ती काळी पडते. गिऱ्हाईक आरशात बघतं आणि किंचाळतं.

नीट शॉट बसला की काय दिसतं? शाईवर पांढरा थर उमटतो, तव्यावर मिठाचं पाणी आटावं तसा. पंधरा-वीस मिनिटांत तो विरतो. रक्ताचे ठिपके आले, कातडी करड्या रंगाची झाली की ऊर्जा जास्त झाली, थांबायचं. पुढची सिटिंग सहा ते आठ आठवड्यांनी. कारण फुटलेले कण उचलून नेणं हे शरीरातल्या पेशींचं काम आहे आणि त्या ओव्हरटाइम करत नाहीत. 'आठ दिवसांत साफ' असा फलक तुमच्या सेंटरवर असेल तर तो उतरव. भरतीच्या पोरांना मी हेच सांगते : पंचवीस दिवसांत होणार नाही, पुढच्या भरतीचं बघ. चिडतात. चिडू देत.

एक अनुभव मात्र गोड आहे. कागलजवळच्या एक आजी आल्या होत्या, नातीच्या लग्नात फोटो नीट यावेत म्हणून कपाळावरचं गोंदण काढायला. काजळीनं गोंदलेलं, साठ वर्षांचं जुनं. अशी साधी काजळीची शाई दुकानातल्या रंगीत टॅटूपेक्षा लवकर जाते. दोन सिटिंगमध्ये कपाळ मोकळं झालं. हातावरच्या तुळशीकडं बोट केलं तर पदर ओढून घेतला. "ती राहू दे. ती आईनं गोंदून घेतलीया."

दुबईचं थोडक्यात. तिथंही हद्दी आहेतच : दुबईचं आरोग्य प्राधिकरण वेगळं, अबू धाबीचं वेगळं, शारजा आणि पलीकडं केंद्रीय आरोग्य मंत्रालय. आरोग्य परवान्यासाठी अर्ज केला की तुझी कागदपत्रं ज्या संस्थेनं दिली तिच्याकडूनच परस्पर पडताळून घेतात. उद्या अकॅडमीनं शटर ओढलेलं असेल तर उत्तर कोण देणार? एजंटाला पैसे द्यायच्या आधी एवढं तपासून घे.

तुझ्या हातात चार वर्षांची सुई आहे, ती वाया जात नाही. शाई किती खोल गेलीय हे तुला माझ्या निवासी डॉक्टरांपेक्षा लवकर कळेल. एखाद्या त्वचातज्ज्ञाकडं सहायक म्हणून लाग. फोटो, संमतीपत्र, प्रत्येक सिटिंगच्या सेटिंगची नोंद, कातडीवर थंड हवेचा झोत धरणं, ड्रेसिंग, सगळं कर. ती नोंदवही स्वतःजवळ ठेव, गिऱ्हाइकांची नावं काढून. पगार कमी मिळेल हे खरं आहे.

प्रश्न : डॉक्टर, मी मूळची सांगलीची, सहा वर्षं ब्रिस्टलमध्ये राहते. ब्युटी थेरपिस्ट आहे, लेव्हल ४ चं (ही इथल्या व्यवसायशिक्षणाची पायरी) लेझर टॅटू रिमूव्हल पूर्ण केलंय. इथं सलूनमध्ये मी काम करते, विमाही आहे. आता आठवड्यातून दोन दिवस कार्डिफला एक खोली भाड्यानं घेऊन काम करावं म्हणते. पूल ओलांडला की झालं, एकच देश. अडचण काय? – एक वाचक, ब्रिस्टल

उत्तर : निपाणी आणि ब्रिस्टलची पत्रं एकाच आठवड्यात आली. म्हटलं, घ्या, सीमाप्रश्न तिकडंही आहे.

इंग्लंड आणि वेल्सच्या मधल्या सेव्हर्नच्या पुलावरचा टोल २०१८ च्या डिसेंबरात गेला, पण कायद्याचा नाका तिथं अजून आहे. इंग्लंडमध्ये २०१० पासून अशा लेझरसाठी केंद्रीय आरोग्य नियामकाकडं नोंदणी करावी लागत नाही. लंडनच्या बऱ्याच भागांत स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. बाकी ठिकाणी तुझी पात्रता प्रत्यक्षात विमा कंपनीच विचारते. २०२२ च्या कायद्यानं सरकारला अशा उपचारांसाठी परवाना पद्धत आणायचा अधिकार दिलाय, तेव्हा इंग्लंडमध्येही हे कायम असंच राहील असं धरू नकोस.

वेल्समध्ये, म्हणजे तुझ्या कार्डिफला, गोष्ट वेगळी. लेझरचे धोक्याप्रमाणं वर्ग पाडलेले असतात. तिथं ३बी किंवा ४ या वरच्या वर्गांतला लेझर वापरणाऱ्याला वेल्सच्या आरोग्य निरीक्षणालयाकडं नोंदणी करावी लागते, आणि टॅटूचा लेझर ४ वर्गात येतो. डॉक्टर नसलीस तरी चालतं, पण नोंदणीशिवाय पहिला शॉटही मारायचा नाही. तुझं लेव्हल ४ तिथं उपयोगी पडतं, पण नोंदणीची जागा घेत नाही. लेझर सुरक्षा सल्लागाराचे त्या खोलीसाठी लिहिलेले नियम लागतात, तज्ज्ञ डॉक्टरनं तयार केलेली उपचारपद्धती लागते आणि 'कोअर ऑफ नॉलेज' हे सुरक्षा प्रशिक्षण लागतं. ब्रिस्टलच्या खोलीसाठीचे नियम कार्डिफच्या भिंतीवर लावून भागत नाही. खिडकी कुठं, आरसा कुठं, दार आतून बंद होतं का, हे सगळं त्यात असतं. टॅटू आणि पिअर्सिंगवाल्यांसाठी वेल्सनं नोव्हेंबर २०२४ पासून परवाना आणलाय, त्याच्याशी हे मिसळू नकोस. लेझर त्यात येत नाही.

म्हणून आधी भाडेकरार करू नकोस. घरमालकाला लेझरची नोंदणी सांगून बघ, त्याचं तोंड बघून निम्मं उत्तर कळेल. मग नोंदणीचा अर्ज, मग विमा कंपनीला पत्र की पॉलिसी वेल्समध्ये लागू आहे का. तोंडी 'हो' घेऊ नकोस. आणि खोलीत मशीन आधीपासून असेल तर तिथले गॉगल उचलून काडीवरचे आकडे वाच. १०६४ आणि ५३२ या दोन्ही तरंगलांबी छापलेल्या हव्यात. एकच असेल तर दुसरी जोडी स्वतःची घेऊन जा.