नाकाजवळच्या गाठी आणि ‘सीवायएलडी’

प्रश्न : विशीपासून माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्याच रंगाच्या बारीक गाठी आहेत. आता डोक्यावरही दोन आल्यात. आईलाही तशाच आहेत. रक्ततपासणीत ‘सीवायएलडी’ जनुकात बिघाड निघाला. हे जनुक गाठी रोखतं म्हणे, मग डॉक्टर दाहाबद्दल का बोलत होते? सध्या दुखत काही नाही. — एक वाचक, लालबाग

उत्तर : गाठी आणि दाह, दोन्हींची दोरी या एकाच जनुकाच्या हातात असते. कातडीला इजा झाली की पेशीतल्या निरोप्या प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या साखळ्या चढतात. त्यातून एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन मोकळं होतं, केंद्रकात शिरतं आणि दाहाची जनुकं चालू करतं. वर पेशीला मरूही देत नाही. जखम भरेपर्यंत हे हवंच, पण वेळेवर थांबायलाही हवं. सीवायएलडीचं प्रथिन नेमक्या त्या साखळ्या तोडतं. जनुक २००० साली सापडलं, त्याचं हे काम २००३ मध्ये उलगडलं.

या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक तुमच्याकडे जन्मापासून बिघडलेली आहे. दुसरी धड असेपर्यंत पेशीचं निभावतं. केसांच्या मुळाजवळच्या एखाद्या पेशीत तीही गेली की साखळ्या तुटत नाहीत, पेशी मरत नाही आणि तिथे गाठ धरते. म्हणून लहानपणी काहीच दिसत नाही आणि पुढे एकेक उगवत जाते.

दाह म्हटलं की लोक स्टेरॉइडचं मलम आणतात. इथे ते लावू नका. गाठ जात नाही, चेहऱ्याची कातडी मात्र पातळ होते. चामखिळीचं सॅलिसिलिक अ‍ॅसिडही नको. सॅलिसिलेट एनएफ-कप्पा-बीला आवरतं म्हणून मोजक्या रुग्णांवर लावून पाहिलं होतं, पण भरवशाचा उपाय हाती आला नाही.

बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) झाली नसेल तर केईएम, सायन किंवा नायरच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा. सहसा जागा बधिर करून ४ मिलिमीटरचा पंच घेतात, म्हणजे गोल पात्याने कातडीचा छोटा तुकडा काढतात. डोक्याच्या कातडीतून रक्त बरंच येतं, घाबरू नका. बायोप्सीच्या अर्जावर ‘आईलाही गाठी, सीवायएलडी’ हे लिहून घ्याच. नाकाजवळची अशी गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरसारखी दिसू शकते. घरची माहिती नसली की पॅथॉलॉजिस्ट तिथेच फसतो. रिपोर्टसोबत स्लाइड आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागून ठेवा.

न दुखणाऱ्या छोट्या गाठी काढल्याच पाहिजेत असं नाही. कंगव्याला किंवा हेल्मेटला घासणाऱ्या आधी काढाव्यात, कारण मोठी झाल्यावर टाके जास्त पडतात. लेझरने चेहरा सपाट होतो, पण गाठी परत येऊ शकतात. रेडिएशन टाळायचं, त्याने डीएनएला आणखी इजा होते. कॅन्सर होणं दुर्मीळ, तरी एखादी गाठ झपाट्याने वाढली, फुटली किंवा तिच्यातून रक्त आलं तर थांबू नका. कानापुढे किंवा जबड्याखाली सूज आली तर लाळग्रंथी तपासून घ्या.

प्रत्येक अपत्याला हा बिघाड जाण्याची शक्यता ५० टक्के. भावंडांना तपासायचं असेल तर तुमच्या रिपोर्टची प्रत सोबत द्या. प्रयोगशाळा नेमका तोच बदल शोधते आणि खर्च कमी येतो.