बंद पडलेल्या सैनिकी शाळेचे माजी विद्यार्थी : आधी हजेरीपट, मग स्नेहमेळावा

तुमचा प्रश्न वाचला. निवासी सैनिकी शाळा बंद होऊन सहा वर्षे झाली, पहिल्या स्नेहमेळाव्याला अडीचशे जण होते, यंदा अडतीसच आले, आणि व्हॉट्सॲपच्या गटावर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही हलत नाही. पुढे चालवावे की सोडून द्यावे, असे तुम्ही विचारले आहे. सोडू नका. आमची शाळा बंद पडल्याला सोळा वर्षे झाली. अशीच गळती आम्हालाही लागली होती आणि ती थांबली, म्हणून सविस्तर लिहितो.

चालू शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचे आणि आपले गणित एक नाही. साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ पासून चालू आहे. तिथे जुने थकले तरी दरवर्षी नवी बॅच येते, कार्यालय आहे, मैदान आहे, पत्र पाठवायला प्राचार्य आहेत. आपल्याकडे भरती कायमची बंद. तुमची शेवटची बॅच आज पंचविशीत असेल तर ती मुले पंचाहत्तरीची होईपर्यंत, म्हणजे पुढची पन्नास वर्षे, आहेत त्याच माणसांवर मंडळ चालवायचे आहे. एक गळाला की त्याच्या जागी दुसरा येत नाही. म्हणून मेळाव्याला किती आले हा आकडा बाजूला ठेवा. शाळेत ज्यांची नावे लागली त्यांच्यापैकी किती जण आज कुठे आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, तो आकडा धरा.

त्यासाठी पहिले काम जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेली वही, शोधण्याचे. शाळा बंद झाली की जनरल रजिस्टर, निकालपत्रके असे कायम जपायचे दप्तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा त्यांनी नेमून दिलेल्या शेजारच्या शाळेकडे जायला हवे. आमचे दप्तर गेले होते, पण एका कार्यालयाच्या जिन्याखाली गोणपाटात बांधून पडले होते. अकरांपैकी दोन रजिस्टरांची पाने ओल लागून एकमेकांना चिकटलेली. आम्ही तिघांनी रीतसर अर्ज दिला, तीन दिवस रजा काढली आणि लिपिकासमोर बसून पान न् पान मोबाइलमध्ये उतरवले. घरी येऊन यादी केली तेव्हा १,१८६ नावे निघाली. आमच्या गटावर तेव्हा होते ३१०. तोवर आम्ही 'आपली सगळी मुले' म्हणत होतो, त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश मुले आमच्या हिशेबातच नव्हती.

हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये सैनिकांच्या मुलांसाठी रॉयल हायबर्नियन मिलिटरी स्कूल होती, अठराव्या शतकापासूनची. आयर्लंड ब्रिटनपासून वेगळे होताना १९२२ मध्ये ती इंग्लंडला हलवली आणि १९२४ मध्ये डोव्हरच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स रॉयल मिलिटरी स्कूलमध्ये विलीन केली. तिचे बरेचसे दप्तर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. दीडशे वर्षांची शाळा, आणि आज कुणाला आपला पणजोबा तिथे होता का हे पाहायचे तर तुटक नोंदींवर भागवावे लागते. आपल्याकडे बॉम्बची गरज नाही, एक पावसाळा पुरतो. प्रती निदान तीन ठिकाणी ठेवा. रजिस्टरात जन्मतारीख, जात, पालकांचे नाव असते, म्हणून पूर्ण पानांच्या फोटोंच्या या सगळ्या प्रती दोनच विश्वासू माणसांच्या ताब्यात असू द्या. गटावर फक्त नाव, बॅच, हाउस (शाळेत मुलांची विभागणी व्हायची तो गट) आणि कॅडेट क्रमांक.

रजिस्टर हाती आले की आपोआप दुसरी गोष्ट घडते, आणि आमच्या मंडळाला खरा जीव तिथून आला. शाळा बंद झालेल्या मुलाला सगळ्यात मोठी अडचण मेळाव्याची नसते, दाखल्याची असते. जात पडताळणीला प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, लागतो. कुणाचा शाळा सोडल्याचा दाखला पुरात गेलेला असतो, कुणाच्या नावात चूक असते. हा मुलगा शाळेच्या फाटकाशी जातो तर तिथे कुलूप, किंवा दुसऱ्याच कुणाचे गोदाम. आम्ही कळवले की कोणत्या वर्षाचे रजिस्टर कोणत्या कार्यालयात, कोणत्या पानावर आहे ते सांगू, अर्जाचा नमुना देऊ, आणि जवळ राहणारा कुणीतरी सोबत येईल. दहावी-बारावीच्या दुय्यम गुणपत्रिकेसाठी शिक्षण मंडळाच्या विभागीय कार्यालयात कसे जायचे तेही लिहून ठेवले. पहिल्या वर्षात चाळीसेक जणांचे काम झाले. त्यातले बरेच जण मंडळाचे नावही न ऐकलेले होते. काम झाल्यावर प्रत्येकाने आपल्या बॅचचे दोन-तीन नंबर दिले. मेळाव्याच्या कितीही निमंत्रणांनी हे झाले नसते.

आता जे सांगतो ते बोलायला जरा जड जाते, पण तुमच्या अडतीसच्या आकड्याचे कारण बहुधा इथेच आहे. सैनिकी शाळेत प्रत्येक मुलगा एनडीएचे, म्हणजे फौजेत अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, स्वप्न घेऊन येतो आणि बहुतेकांचे ते पुरे होत नाही. कुणी लेखी परीक्षेत अडकतो, कुणी एसएसबीतून, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतींतून, पाचव्या दिवशी परततो, कुणी मेडिकलला बाद होतो. कुणी तीन महिन्यांत घरच्या आठवणीने परत गेलेला असतो, कुणी फी थकली म्हणून सहावीतून काढलेला असतो. आमच्या १,१८६ पैकी निम्म्याहून जास्त मुलांनी दहावीआधीच शाळा सोडली होती. ही मुले स्वतःला माजी विद्यार्थी समजतच नाहीत. आणि आमचे मेळावे कसे व्हायचे? सुरुवातीला मंचावर कर्नल, कमांडर, मग पोलीस अधिकारी, मग 'इतर'. ओळख करून देताना प्रत्येकाने उभे राहून हुद्दा सांगायचा. ज्याच्या तोंडी सांगण्यासारखा हुद्दा नाही तो पुढच्या वर्षी येत नाही, आणि का आला नाही हे कुणाला सांगतही नाही.

आम्ही ही रीत मोडली. ओळख म्हणजे कॅडेट क्रमांक, हाउस, कोणत्या साली आला, कोणत्या डॉर्मिटरीत झोपायचा. बस. हुद्दा सांगायचा नाही. बसायचे हाउसप्रमाणे. सकाळी फॉल-इन होते, म्हणजे सगळे रांगेत उभे राहतात, तेव्हा त्या काळचा हाउस कॅप्टनच हजेरी घेतो. आमच्या हाउसचा कॅप्टन आज डाळिंबाची बाग करतो, आणि त्याच्यासमोर पहिल्या रांगेत सावधान उभा राहिलेला माणूस सेवेतला कर्नल होता. कॅप्टनने क्रमांक पुकारल्यावर कर्नलने 'येस सर' म्हटले, तेव्हा मैदानाच्या कडेला घुटमळणारे पाच-सहा जण आपणहून रांगेत आले. त्यांतला एक सातवीत चौदा महिने काढून गेलेला. आता टेम्पोच्या बॉडी बांधतो. येताना आपली पत्र्याची पेटी घेऊन आला होता, पांढऱ्या रंगाने क्रमांक घातलेली. ती त्याने पंचवीस वर्षे सांभाळली होती. ज्याला आम्ही यादीतून वगळले होते, त्याच्याकडे शाळेची खूण होती आणि आमच्यापैकी कुणाकडे नव्हती. तेव्हापासून नियम एकच: ज्याचे नाव रजिस्टरात, तो आपला. एक दिवस असो की सात वर्षे.

शिक्षक आणि मामा लोकांनाही याच यादीत घ्या. ड्रिलचे उस्ताद, मेसचे मामा, धोबी, रात्रीचे पहारेकरी, मेट्रन बाई. शाळा बंद झाली तेव्हा आपण पुढे निघून गेलो, त्यांची मात्र रोजी गेली. आमच्या मेसच्या मामांना कोणता मुलगा दूध पीत नसे, कुणाला ताप आला की भात मऊ करून द्यावा लागे, हे आजही पाठ आहे. एकेका बॅचचा फोटो त्यांच्यापुढे धरला तर ते आपल्यापेक्षा जास्त नावे सांगतात. शक्य असेल तर हेच वर्ष धरून त्यांचे बोलणे मोबाइलवर नोंदवा. ही माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.

वास्तूचे काय, हा प्रश्न तुमच्याकडेही निघेल. इमारत परत मिळवण्याच्या मागे मंडळाची ताकद घालवू नका, पण ढाली, निशाणे, गुणवंतांचे लाकडी फलक, वीरगती मिळालेल्यांची नावे असलेला दगड, हे लगेच लेखी मागून घ्या. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातली स्टॉन्टन मिलिटरी अकॅडमी १९७६ मध्ये बंद पडली; सिनेटर बॅरी गोल्डवॉटर तिथलेच, १९२८ च्या बॅचचे. तिची जागा शेजारच्या मेरी बाल्डविन कॉलेजने घेतली. माजी विद्यार्थ्यांनी त्या कॉलेजशी नाते तोडले नाही. तिथे १९९५ मध्ये मुलींचा लष्करी धर्तीचा नेतृत्व-अभ्यासक्रम सुरू झाला, त्याच्याशी त्यांनी स्वतःला जोडून घेतले, आणि आज त्याच आवारात दोघांचे मिळून संग्रहालय आहे. नवी मुले समोर दिसत राहिली की जुन्यांना यायला कारण उरते.

आपल्याकडचे उदाहरण टी. एस. डफरिनचे. ती व्यापारी नौदलाच्या प्रशिक्षणाची नौका, सैनिकी शाळा नव्हे, पण शिस्त त्याच जातीची. १९२७ पासून मुंबईत माझगावजवळ नांगरलेली असे. भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख व्हाइस ॲडमिरल कटारी तिच्या पहिल्या तुकडीतले. १९७२ मध्ये तिची जागा टी. एस. राजेंद्रने घेतली आणि १९९३ पासून नवी मुंबईत करावे इथे टी. एस. चाणक्य आहे. जहाज मोडीत निघाले तरी परंपरा सांगायला मागे संस्था राहिली. तुमच्या शाळेला अशी वारस शाळा नसेल तर एखादी जोडा. आम्ही आमचा वीरफलक जवळच्या एका हायस्कुलात लावला. तिथले एनसीसीचे कॅडेट २६ जानेवारीला त्याला सलामी देतात, आणि आमच्यातले दोघे वर्षातून चार वेळा त्या मुलांना एसएसबीविषयी सांगायला जातात.

मेळाव्याची तारीख एकदाच ठरवा आणि कधीही हलवू नका. आमचा दिवस भाऊबीजेनंतरचा पहिला रविवार. पुण्या-मुंबईची मुले गावी आलेली असतात. फौजेतल्यांना दिवाळीची रजा मिळतेच असे नाही, पण दिवस पक्का असला की ते दोन-तीन वर्षांतून एकदा तरी जुळवून आणतात. दरवर्षी 'कोणती तारीख सोयीची?' असे विचारत बसलात तर निम्मी माणसे त्या चर्चेतच गळतात. खर्चही कमी ठेवा. रिसॉर्टवरच्या मेळाव्याची वर्गणी भरू न शकणारा मुलगा तसे सांगत नाही, नुसता येत नाही. आम्ही मंगल कार्यालयात सतरंज्या टाकतो आणि शाळेच्या मेसमधलाच रविवारचा बेत करतो.

नोंदणीचे थोडक्यात. सात जण मिळाले की संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० यांखाली नोंदणी होते. ती करा, पण खरी अडचण नंतर येते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की दहा वर्षांनी कागदावर विश्वस्त म्हणून दिवंगत माणसांची नावे असतात आणि बँक सही मानत नाही. परदेशातल्या मुलांच्या देणगीबाबतही जपा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी चालते. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी विदेशी ठरते, मग त्याच्याकडे मूळच्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. त्यासाठी वेगळी परवानगी आणि वेगळे खाते लागते. ते झेपणार नसेल तर अशा मित्राचे पैसे नम्रपणे नाकारा आणि त्याचा वेळ मागा. आमची सगळी यादी संगणकावर नीट लावून देणारा ह्यूस्टनमध्ये बसतो.

शेवटचे, आणि तुमच्यासाठी तातडीचे. सूत्रे शेवटच्या पाच बॅचकडे द्या, आज. आम्ही हे आठ वर्षे उशिरा केले आणि तोवर त्या बॅचमधली मुले दुरावली होती. त्यांचा शाळेशी शेवटचा संबंध म्हणजे रिकामे होत गेलेले वसतिगृह आणि पगार थकलेले शिक्षक. आपल्या आठवणीतले संचलन त्यांनी पाहिलेलेच नाही. त्यांना 'आमच्या वेळी' ऐकवू नका, त्यांना काय लागते ते विचारा. तुमच्या शेवटच्या बॅचमधले काही अग्निवीर असतील. २०२२ च्या योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे घेतले जातात, बाकीच्यांना तेविशी-चोविशीत नवे काम शोधायचे आहे. पोलीस दलात, बँकेत, कारखान्यात असलेल्या तुमच्या थोरल्या बॅचची नावे आणि या मुलांची नावे एका कागदावर आणा.

तुमच्या शाळेचा जिल्हा आणि बंद झाल्याचे वर्ष मला कळवा. रजिस्टरसाठीच्या अर्जाचा आमचा नमुना पाठवतो. तोवर शेवटच्या मुख्याध्यापकांना फोन करून एवढेच विचारा की दप्तर कुणाच्या सहीने, कुणाकडे दिले. त्या पोचपावतीची प्रत मिळाली तर शोधाचे निम्मे काम तिथेच होईल.