‘पॉझिटिव्ह राहा, काहीतरी नवीन कर’ असं सगळे म्हणतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न दुपारी भांडी आवरल्यावर वाचला. वय 31, संभाजीनगरातली कंपनीतली नोकरी सुटली, गावाकडं वडिलांच्या डोक्यावर कर्ज, आणि जो भेटेल तो म्हणतो पॉझिटिव्ह राहा, नवीन काहीतरी कर. तुम्ही विचारलंय, नेमकं काय करू.

मी लातूरला शिकवणीच्या पोरांची मेस चालवते. बारावीनंतर शिकले नाही, त्यामुळं पुस्तकातलं काही सांगणार नाही. दोनदा माझी मेस बंद पडायच्या बेतात आली होती. एकदा पाण्यानं, एकदा कोरोनानं. त्या दोन्ही वेळी मी काही हसतमुख बिसतमुख नव्हते. 2016 च्या मार्चमध्ये तर मी चार दिवस कुणाशी धड बोलले नाही. तेव्हा मला कुणी पॉझिटिव्ह राहा म्हणालं असतं तर हातातला उलथनाच फेकला असता.

त्या वर्षीचं लातूर तुम्हाला पेपरातून माहीत असेल. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरायच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी, 144 कलम लावलं होतं. मग 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत 10 डबे, 5 लाख लिटर. टीव्हीवाले आले, हार घातले गेले. आमच्या गल्लीत मात्र पाणी कधी येणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. माझ्याकडं जेवायला 42 पोरं. टँकर घ्यायचा तर महिन्याच्या खानावळीतून काहीच उरत नव्हतं.

ते न बोलण्याचे चार दिवस गेल्यावर पाचव्या दिवशी काय झालं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं तिथंच आहे. मला कसलीही कल्पना सुचली नाही. मी फक्त चिडून मोजायला बसले. एक दिवस प्रत्येक कळशी वहीत लिहिली. वाटलं होतं स्वयंपाकालाच सगळं पाणी जातं. निघालं उलटंच. स्वयंपाकाला 70 लिटर, पोरांच्या पिण्याला 60, भाज्या धुणं आणि फरशी मिळून 100, आणि ताटं-वाट्या घासायला तब्बल अडीचशे! म्हणजे माझी मेस पाणी पीत नव्हती, खात नव्हती, नुसती घासत होती.

हे कळल्यावर पहिली युक्ती केली ती फसली. पोरांना म्हटलं, ताट ज्याचं त्यानं खोलीवर नेऊन धुवा. नांदेडकडचा एक पोरगा म्हणाला, “काकू, आमच्या खोलीवर तरी पाणी कुठंय?” बरोबरच होतं. माझी अडचण मी त्यांच्या गळ्यात घालत होते.

मग रस्सा बंद केला. रस्सा ताटभर पसरतो, तेल चिकटतं, दोन पाण्यांशिवाय निघत नाही. त्याऐवजी भाकरी, घट्ट पिठलं, ठेचा, सुकी भाजी, कांदा. ताट आधी राखेनं कोरडंच घासायचं, मग एका टबात खंगाळायचं, मग दुसऱ्यात. पहिल्या टबाचं पाणी संडासला, दुसऱ्याचं उद्याच्या पहिल्या टबात. रात्रीच्या जेवणाला पळसाच्या पत्रावळी, त्या दुसऱ्या दिवशी चुलीत. अडीचशेचे नव्वद लिटर झाले. ह्याला कुणी ‘नवीन कल्पना’ म्हणेल का? आमच्या आजीनं बघितलं असतं तर म्हणाली असती, ह्यात काय नवीन, आम्ही बहात्तरच्या दुष्काळात असंच करत होतो. पोरं कुरकुरली, दोघं सोडून गेली. चाळीस राहिली. सप्टेंबरात एवढा पाऊस झाला की मांजरा भरलं, तेव्हा मी शेवग्याचा रस्सा केला आणि पोरांनी पातेलं चाटूनपुसून स्वच्छ केलं. ते घासायला पाणीच लागलं नाही म्हणा!

पॉझिटिव्ह वगैरे मी कधी झाले असेन तर तो आकडा वहीत दिसल्यावर. त्याच्या आधी नाही.

आता नव्या कल्पनेबद्दल. ह्यावर माझं मत जरा वाकडं आहे, आणि ते लहानपणापासूनचं आहे. माझं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नववीत होते. गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले. आमच्या घराची एक भिंत पडली, माणसं वाचली. आत्याचं गाव मात्र पुरतं गेलं. पुढं अशी 52 गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की होती, रस्ते आखल्यासारखे सरळ. पण चूल मांडायला जागा नव्हती, बैल बांधायला जागा नव्हती, आणि भावकीतली घरं चार दिशांना गेली. आत्यानं काय केलं, पक्क्या घरात ज्वारीची पोती लावली, दारापुढं पत्र्याचं शेड घातलं, आणि चूल, माणसं, शेळी सगळी शेडात. स्लॅबखाली झोपायची भीती होती ते वेगळंच. घर देणाऱ्यांनी वाईट केलं असं मी म्हणत नाही, जीव वाचवणारी घरं होती ती. पण तेव्हापासून दुसऱ्यानं आखून दिलेली नवी गोष्ट बघितली की मी आधी विचारते, ह्यात चूल कुठं?

तुम्हाला लोक सांगत असतील ना, यूट्यूब चॅनल काढ, ड्रॅगन फ्रूट लाव, शेअरमध्ये घाल. प्रत्येकाला हाच प्रश्न विचारा.

माझी दुसरी अडचण 2020 ची. 22 मार्चला जनता कर्फ्यू, 25 पासून लॉकडाऊन. चार दिवसांत पोरं गावाकडं गेली. मेसमध्ये मी, मालक (माझे मिस्टर, रिक्षा चालवतात, तीही बंद) आणि दोन पोती ज्वारी. घरमालकाचं भाडं चालूच. ह्या वेळी मी वही लगेच काढली, पण खरं सांगते, वहीतून काहीच निघालं नाही. जमा शून्य, काय मोजणार. मास्क शिवले, गल्लीत सगळेच शिवत होते. डबे पोचवायचं ठरवलं, लोक बाहेरचं खायला घाबरत होते. एका बँकेत कर्जाला गेले, त्यांनी तीन फेऱ्या मारायला लावून नाही म्हटलं. ते वर्ष बचत गटाच्या पैशावर आणि मंगळसूत्रावर निघालं. ह्यात शिकवण वगैरे काही नाही, वाईट वर्ष होतं, सरलं.

पुढच्या वर्षी एका जुन्या पोराचा फोन आला. एमबीबीएसला नंबर लागून परराज्यात गेला होता. “काकू, इथं सगळं मिळतं, भाकरी मिळत नाही. पाठवता का?” साधी भाकरी दोन दिवसांवर टिकत नाही, बुरशी धरते. पण माझी नणंद सोलापूरला असते, तिथं कडक भाकरी घरोघरी करतात. पातळ थापायची, तव्यावर दोन्हीकडून भाजायची, मग मंद आचेवर कपड्याच्या बोळ्यानं दाबत दाबत पाणी पार उडवायचं. पापडासारखी होते, महिनाभर काही होत नाही. फोनवर विचारून केली.

पहिलं पार्सल गेलं आणि पोचला तो चुरा. पोरानं दुधात कालवून खाल्ला, बिचारा म्हणाला छान होता. दुसऱ्या पार्सलातली मऊ पडली. कारण शोधायला मला आठवडा लागला: गरम असतानाच पिशवी बांधत होते, वाफ आतच राहत होती. आता चार तास जाळीवर उघडी ठेवते, पावसाळ्यात रात्रभर, आणि मग बांधते. तिसऱ्या खेपेला पीठ जुनं होतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, आधणाचं पाणी घालून ते धरतं, आणि दळून आठ-दहा दिवस झाले की विरी, म्हणजे पिठाची धरून राहायची ताकद, जाते. कडेनं चिरा पडतात. पातळ थापायची भाकरी तर हातातच तुटते. हे मला मेसमध्ये कळलंच नव्हतं, कारण तिथं पीठ दोन दिवसांत संपायचं.

तुटण्यावर उपाय मिठाईवाल्याकडं सापडला. त्याच्याकडून किलोचे रिकामे खोके घेतले आणि भाकरीच खोक्याच्या मापाची केली. एका किलो पिठात नेहमीच्या 10-12 होतात, ह्या लहान, पातळ 22-24 होतात. तरी गोल भाकरी आणि चौकोनी खोका, कोपरे रिकामे राहतात, भाकरी हलते आणि तुटते. तिथं शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या कोंबल्या. नुसत्या आधाराला, फुकट. दोन महिन्यांनी पोरांचे फोन यायला लागले की भाकरी राहू दे, चटणी पाव किलो पाठवा! आज माझ्या वहीत चटणीचा नफा भाकरीपेक्षा जास्त आहे. ह्याला कल्पना म्हणायचं की रिकामा कोपरा, तुम्हीच ठरवा.

खाद्यपदार्थाचं काही करायचं डोक्यात असेल तर एवढं ऐकून ठेवा. धंदा लहान असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेची, साधी नोंदणी लागते, फी अगदी थोडी असते. कुणी एजंट हजारात सांगेल, देऊ नका. केंद्रानं 2020 ला सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना काढली होती, पीएमएफएमई, तिच्यात यंत्राला 35 टक्के अनुदान होतं, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत; आता चालू आहे का ते आधी विचारा. पण अनुदान दिसलं म्हणून यंत्र घेऊ नका. मी पहिले सात महिने दोन तव्यांवरच काम केलं.

आता जे मला जमलं नाही तेही लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल काकूला सगळं साधतं. माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा दहापट हसरा. कधी रडगाणं नाही, सतत नवीन काहीतरी. डाळिंब लावलं, दोन वर्षं पोरासारखं जपलं, आणि बाग धरली त्या वर्षी तेल्या रोग आला. फळावर काळे डाग, चिरा, एक गाडीसुद्धा धड भरली नाही. नंतर शेडनेटमध्ये ढोबळी मिरची, त्यात पाणी कमी पडलं. त्याच्याकडं स्वभाव होता, कल्पना होत्या, मेहनत तर विचारूच नका. तरी आज तो कर्जात आहे. म्हणून कुणी म्हणालं की विचार बदला, नशीब बदलतं, तर मला राग येतो. मराठवाड्यात असली वाक्यं फार जपून बोलावीत. माझ्या भावाचा विचार चुकला नव्हता.

त्याला एक गोष्ट कामाला आली, ती तुमच्या वडिलांनाही येईल. आम्ही दोघांनी बसून कर्ज तीन रकान्यांत लिहिलं: बँकेचं, पाहुण्यारावळ्यांचं, सावकाराचं. तोवर तो ‘सगळं मिळून लई झालंय’ एवढंच म्हणायचा. सावकाराकडं परवाना नव्हता. राज्यात 2014 चा सावकारी कायदा आहे, बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि अशा कर्जापोटी लिहून दिलेली जमीन परत मिळण्याचीही त्यात सोय आहे. तक्रार तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडं करायची. भावाचं प्रकरण अजून चालू आहे, निकाल नाही. पण तो रात्री झोपतो.

झोपेवरून आठवलं. तुम्ही मध्येच एका ओळीत लिहिलंय की रात्र रात्र जागाच असतो आणि नको नको ते मनात येतं. ती ओळ तुम्ही घाईत लिहिलीत, पण मी दोनदा वाचली. तिच्यावर वही-आकडे चालत नाहीत. 14416 हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलायचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आजच लावा. माझ्या मेसमधल्या दोन पोरांना मी स्वतः शेजारी बसून लावून दिलाय, लाजण्यासारखं काही नाही त्यात.

आणि जमलं तर इथंच खाली लिहा: वडिलांचं कर्ज तीन रकान्यांत किती किती, घरात महिन्याला काय लागतं, आणि कंपनीत तुम्ही नेमकं काय करत होता. ‘प्रॉडक्शनला होतो’ असं नको, हातानं काय करत होता ते. आता पाच वाजलेत, आधण ठेवते. रात्री नऊला पोरं जेवून गेली की वाचीन.