60 अधिक 60

प्रिय बाय,

तू पाठवलेला मिश्र मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) फाइटचा करार दोनदा वाचला. एकदा मोबाईलवर, आणि मग छापून आणून, हातात पेन घेऊन. अकरा पानं आहेत. लढण्याचे 60 हजार आणि जिंकलीस तर आणखी 60 हजार, हे पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे. फोनवर तू "सर, एक लाख वीस!" म्हणालीस तेव्हा मलाही आनंद झाला. पण बाय, हा करार 60 हजारांचा आहे. उरलेले 60 तीन पंचांच्या हातात आहेत, आणि पंचांचे आकडे कसे येतात ते तू पाहिलं आहेस.

त्या 60 हजारांचं काय होतं बघ. टीडीएसचे 6 हजार आधीच कापले जातील. रिटर्न भरलंस तर ते परत मिळतील, पण वर्षभराने. फाइटआधीच्या आठ आठवड्यांच्या सरावाच्या कॅम्पमध्ये खाणं आणि सप्लिमेंट धरून 22 हजार. फिजिओ 9. रक्ताच्या तपासण्या आणि डोळ्यांची तपासणी 6, कारण सातव्या पानावर 'वैद्यकीय अहवाल खेळाडूने स्वखर्चाने द्यावेत' असं आहे. फाइटच्या वेळी कॉर्नरला बसून सूचना द्यायला दोन माणसं न्यायची, त्यांची तिकिटं आणि राहणं 14. झाले 51. हरलीस तर तुझ्या हातात 3 हजार राहतात. माझा हिस्सा मी यात धरलेलाच नाही, आणि या फाइटसाठी धरणारही नाही. त्या आठ आठवड्यांत संध्याकाळची मुलांची बॅच तू सोडणार, ते पैसे वेगळेच गेले.

हे वाचून लढायचं सोडून दे असं मी म्हणत नाही. तू लढायलाच हवंस. तुझा डबल लेग, दोन्ही पाय धरून पाडायचा तो डाव, सध्या गोव्यात तरी कुणाला अडवता येत नाही.

मला खरी काळजी चौथ्या पानाची आहे. 'खेळाडू ही स्वतंत्र व्यावसायिक असून कंपनीची कर्मचारी नाही.' हे वाक्य मी डिचोलीत लहानाचा मोठा होताना न वाचताही शिकलो. माझ्या थोरल्या भावाने कर्ज काढून खनिज वाहायचा टिपर ट्रक घेतला होता. कागदावर तो मालक. हप्ता त्याचा, टायर त्याचे, ड्रायव्हरचा पगार त्याचा. खाणीवरून जेटीपर्यंतच्या ट्रिपचा दर मात्र दुसरं कुणी ठरवायचं. 2012 साली खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लिजेस रद्द केल्यावर मार्चमध्ये परत थांबल्या. टिपर फणसाखाली उभा राहिला. पहिल्याच पावसात चाकांमधून गवत वर आलं. नोकरदाराला निदान काहीतरी हिशेब मागता येतो. भावाला कुणाकडे काही मागायची सोयच नव्हती, कारण तो 'मालक' होता.

तरी त्यांच्याकडे एक गोष्ट होती, जी तुझ्याकडे नाही. ट्रकवाल्यांची संघटना होती. दर पटला नाही तर गाड्या रस्त्याच्या कडेला लागायच्या आणि बोलणी व्हायची. अमेरिकेतल्या कायद्यात स्वतंत्र व्यावसायिकाला कामगार म्हणून युनियनचं संरक्षण नाही, आणि अशा व्यावसायिकांनी एकत्र येऊन भाव ठरवले तर उलट त्यांच्यावरच संगनमताचा ठपका येऊ शकतो. यूएफसी या जगातल्या सगळ्यात मोठ्या एमएमए कंपनीचे लढवय्ये नेमके इथेच अडकलेत. बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंना युनियनमुळे लीगच्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा मिळतो. यूएफसीच्या लढवय्यांचा वाटा न्यायालयात आलेल्या आकड्यांनुसार 20 टक्क्यांच्या आतच राहिला आहे. तिथल्या नवख्याचा करारही गेली काही वर्षं तुझ्यासारखाच आहे: 12 हजार डॉलर लढण्याचे, 12 हजार जिंकण्याचे. त्यातून कोच, मॅनेजर, कर आणि कॅम्प.

आणि स्वतंत्र म्हणजे किती स्वतंत्र? जुलै 2015 पासून केजमध्ये, म्हणजे लढायच्या पिंजऱ्यात, यूएफसी सांगेल तेच कपडे घालायचे. त्याआधी लढवय्ये शॉर्ट्सवर स्वतःचे प्रायोजक लावून दोन पैसे मिळवत होते, ते बंद झालं. त्याच वर्षी डोपिंग चाचणीसाठी आपण कुठे आहोत हे सतत कळवत राहायचा नियम आला. हे नोकरासारखं वागवणंच आहे, असं तिथली लढवय्यी लेस्ली स्मिथ उघड म्हणायची आणि खेळाडूंची युनियन उभारायला धडपडत होती. 2018 मध्ये तिची प्रतिस्पर्धी ठरलेल्या वजनात बसली नाही. स्मिथला लढण्याचे आणि जिंकण्याचे असे दोन्ही पैसे देऊन कंपनीने तिचा करार संपवला. ती अमेरिकेच्या कामगार मंडळाकडे गेली, पण तक्रार टिकली नाही. फ्रान्सिस एन्गानू तर हेवीवेटचा विजेता होता. त्याने आरोग्य विमा मागितला, स्वतःचे प्रायोजक मागितले, बैठकांत लढवय्यांची बाजू मांडणारा एक माणूस मागितला. जानेवारी 2023 मध्ये तो पट्टा मागे ठेवून बाहेर पडला.

कंग ली, नेट क्वॉरी आणि जॉन फिच या लढवय्यांनी 2014 च्या डिसेंबरमध्ये यूएफसीवर मक्तेदारीचा दावा लावला. त्याची 37.5 कोटी डॉलरची तडजोड न्यायालयाने 2025 च्या फेब्रुवारीत मंजूर केली. दहा वर्षं लागली, बाय. यातले बहुतेक तोवर हातमोजे उतरवून बसले होते.

आता तुझं नववं पान. मुदत तीन वर्षं किंवा सहा फाइट, यातलं जे नंतर येईल ते. मुदत संपल्यावर आणखी बारा महिने दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर ती आधी यांना दाखवायची, आणि यांनी तेवढेच पैसे दिले तर यांच्याचकडे राहायचं. या दुसऱ्या भागाला घाबरू नकोस. 2000 साली झहीर खानने एका कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता, त्यात जवळजवळ असंच कलम होतं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भारतीय करार कायद्याच्या कलम 27 खाली रद्दबातल ठरवलं: करार संपल्यावर माणसाला धंद्यापासून अडवता येत नाही. मुदतीच्या आतली बांधिलकी मात्र चालते. म्हणून 'जे नंतर येईल ते' हे शब्द मला खुपतात. त्यांनी वर्षाला एकच फाइट दिली तर सहा वर्षं गेली. आज तू बावीस वर्षांची आहेस.

त्यांच्याकडून तीन गोष्टी हव्यात. 'नंतर'च्या जागी 'आधी'. सहा महिन्यांत फाइट दिली नाही तर तू मोकळी. आणि फाइटआधीचं वजन भरून दिल्यावर फाइट रद्द झाली तरी लढण्याचे पूर्ण पैसे. पैशांत घासाघीस करायचीच असेल तर 60 अधिक 60 ऐवजी हार-जीत काहीही झालं तरी सरळ 85 हजार माग. मी तरी तेच घेतले असते.

तिसरी गोष्ट मी उगाच धरलेली नाही. माझ्या दुसऱ्या फाइटच्या वेळी मी साडेपाच किलो वजन तोडलं होतं. शेवटच्या रात्री लॉजच्या बाथरूममध्ये मिठाच्या कढत पाण्याच्या बादलीशेजारी, अंगावर दोन रेनकोट चढवून बसलो होतो. पहाटे थुंकायला तोंडात ओल उरली नव्हती. सकाळी वजन बरोबर भरलं. दुपारी प्रमोटरचा माणूस येऊन सांगून गेला की समोरचा आजारी पडलाय. हातात परतीच्या बसचं तिकीट दिलं. करार काढून पाहिला तर 'लढल्यास' असा शब्द होता. मी लढलो नव्हतो. दोन महिन्यांचं कर्ज डोक्यावर घेऊन म्हापशाच्या स्टँडवर उतरलो, आणि आईला सांगितलं की फाइट पुढे गेली.

त्या कार्डवरच्या, म्हणजे त्याच दिवशी लढणाऱ्या, बाकीच्या मुलींना काय मिळतंय ते विचार. दहाव्या पानावर गुप्ततेचं कलम आहे, पण तू अजून सही केलेली नाहीस. आज विचारलंस तर कुणी तुला बोलू शकत नाही. वाळपईची ती मुलगी तुझ्याशी बोलेल, तिलाही हाच कागद आलेला असणार. दोघींनी एकच मागणी लिहून पाठवली तर फार बरं.

सोमवारपर्यंत उत्तर हवं म्हणून ते घाई करतील. करू देत. शुक्रवारी बाजाराला येशील तेव्हा अकरा वाजता माझ्याकडे ये. वरच्या मजल्यावर बसणाऱ्या वकीलबाईंशी बोलून ठेवलंय, त्या पैसे घेणार नाहीत. गेल्या दोन कॅम्पची खर्चाची वही घेऊन ये, आणि घरचं दीनदयाळ आरोग्य विमा योजनेचं कार्ड अजून चालू आहे का ते बाबांना विचारून ये.

तुझा,
सर