देशाचा बुद्ध्यांक 81? आधी नमुना बघा

प्रश्न असा आलाय: भारताचा सरासरी बुद्ध्यांक 81, म्हणून देश मागे, की आपली संस्कृतीच कामचुकार? आणि मेरिटचं काय?

81 हा आकडा मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लिन आणि राज्यशास्त्रज्ञ टाटू वानहानेन यांनी 2002 मध्ये एका पुस्तकात छापला. यादीत 185 देश होते, पण चाचण्यांची माहिती 81 देशांचीच. बाकीचे रकाने शेजारच्या देशांवरून अंदाजाने भरले. विषुववृत्तीय गिनीचा 59 तर स्पेनमधल्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या संस्थेतून आला! त्यामुळे असा आकडा कोणी तोंडावर फेकला की विचारा: कोणाची चाचणी घेतली, किती जणांची, कोणत्या भाषेत?

बरं, आकडा खरा धरला तरी तो स्थिर नसतो. 20 व्या शतकात अनेक औद्योगिक देशांत चाचणीचे गुण दशकाला साधारण 3 ने वाढले. जनुकं एवढ्या वेगाने बदलत नाहीत. शाळा आणि पोषण बदलतं. गरोदरपणात आयोडीन फार कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणूनच घरी येणाऱ्या मिठात किमान 15 पीपीएम (दहा लाख भागांत 15 भाग) आयोडीन असावं असा नियम आहे. म्हणजे गरिबीमुळेही बुद्ध्यांक घसरतो, आणि वाद घालणारे नेमकं हेच उलटं वाचतात.

संस्कृतीचं उत्तर तर याहून सैल. स्वातंत्र्यानंतरची तीसेक वर्षं विकासदर 3.5 टक्क्यांच्या आसपास रेंगाळला, त्याला अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी ‘हिंदू विकासदर’ म्हटलं. 1991 नंतर तो 6 च्या घरात गेला. लोक तेच, सणवार तेच, परवाने आणि आयातीचे नियम तेवढे बदलले. आपल्या नागपुरातच बघा. एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली आणि गैरहजेरीची बोंब सुरू झाली. इथला मजूरच आळशी, असं म्हणून मिल काढणाऱ्या जमशेदजी टाटांना हात झटकता आले असते. त्यांनी 1886 मध्ये पेन्शन फंड काढला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. कामाला चिकटून राहण्यात मजुराचा फायदा दिसायला लागला.

आता मेरिट. नीटमध्ये, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत, बरोबर उत्तराला 4, चुकीला वजा 1. चारातले दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उरलेल्यात ठोकताळा मारल्यावर सरासरी दीड गुण पदरात पडतो. असे 20 प्रश्न म्हणजे 30 गुण. क्लासवाला मुलगा हे वर्षभर घोटतो. गडचिरोलीहून आलेली पोरगी वजा गुणांच्या धास्तीने तेच 20 कोरे सोडते. कटऑफजवळ 30 गुणांत कॉलेज बदलतं बाप्पा! एवढ्या फरकावरून कोण हुशार ते ठरत नाही. 200 गुणांच्या फरकावर मात्र विषय येतो की नाही ते बऱ्यापैकी कळतं, त्यामुळे परीक्षाच बंद करा म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही.